एचआयव्ही असलेल्या मुलीचं वजन वाढलं, ट्रायग्लिसराइड वाढले. गोळी कमी करू का?

गोव्यातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. बहिणीची मुलगी त्यांच्याकडे वाढतेय, वय ११. आईवडील दोघंही नाहीत. मुलीला जन्मापासून एचआयव्ही, तिसऱ्या वर्षापासून एआरटी, म्हणजे विषाणू दाबून ठेवणारी औषधं, चालू. सुरुवातीची बरीच वर्षं लोपिनाविर-रिटोनाविर होतं, आधी ते कडूजहर सिरप, मग गोळ्या. साधारण दीड वर्षापूर्वी एआरटी सेंटरवर बदलून डोल्युटेग्राविर दिलं. त्यानंतर मुलगी जेवायला लागली आणि वर्षभरात वजन २९ किलोवरून ३६ वर गेलं. उंची १३४ सेंटीमीटरवरून १४० झाली. पोट सुटल्यासारखं दिसतं, मान काळवंडलीय. म्हणून ताईंनी खासगी लॅबमधून रक्त तपासून घेतलं. एकूण कोलेस्टेरॉल १८६, ट्रायग्लिसराइड (रक्तातली एक प्रकारची चरबी) १४८, एचडीएल ३६, साखर ९७. लॅबनं ट्रायग्लिसराइडसमोर ‘नॉर्मल’ लिहिलंय, पण नात्यातल्या कुणीतरी सांगितलं की हा गोळ्यांचा परिणाम आहे, डोस अर्धा करा. ताई विचारतात: हे गोळीमुळे झालं का, गोळी कमी करू का, आणि घरातला नारळ बंद करू का?

मी बालरोगतज्ज्ञ आहे, गोव्यातच काम करते आणि एचआयव्हीसह वाढणारी मुलं बरीच वर्षं बघतेय. मधल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण त्याला थांबायला वेळ नाही. ताई, गोळी अर्धी करू नका. एक दिवसही नाही.

डोल्युटेग्राविरचा डोस मुलाच्या वजनावर ठरतो आणि २० किलोच्या पुढे मोठ्यांचीच ५० मिलिग्रॅमची गोळी लागते. अर्धी दिली तर रक्तातलं प्रमाण विषाणू दाबून ठेवायला अपुरं पडू शकतं, आणि त्या अर्धवट औषधात वाढणारा विषाणू त्याच औषधाला दाद न देणारा होऊ शकतो. मुलांसाठी औषधांचे पर्याय आधीच मोजके आहेत. त्यातला सगळ्यात चांगला हातचा घालवायचा नाही. दुसरं असं, की औषध कमी केल्यानं हृदय आणि रक्तवाहिन्या सुरक्षित होतात ही समजूतच उलटी आहे. मोठ्या माणसांवर झालेल्या स्मार्ट नावाच्या चाचणीत, जिचे निष्कर्ष २००६ साली आले, काही रुग्णांची एआरटी मधूनमधून थांबवून पाहिली होती. थांबवणाऱ्यांमध्ये मृत्यू तर जास्त झालेच, पण हृदय, मूत्रपिंड आणि यकृत यांचे गंभीर आजारही जास्त झाले. मोकाट सुटलेला विषाणू रक्तवाहिन्यांना गोळीपेक्षा जास्त इजा करतो.

आता मूळ मुद्दा. ताईंनी आकडा विचारलाय, पण माझ्या मते खरा प्रश्न १४८ चा नाहीच. भारतात मोफत एआरटी १ एप्रिल २००४ ला सुरू झाली, मुलांसाठीचा वेगळा कार्यक्रम २००६ च्या अखेरीस आला. त्या काळात आमच्यापुढे एकच काम होतं, मूल जगवणं. आज हीच मुलं शाळा-कॉलेज पार करतात, नोकरीला लागतात, संसार करतात. ही मुलगी नियमित औषध घेत राहिली तर तिला मोठं आयुष्य आहे. म्हणून ती चाळिशीला पोचेल तेव्हा तिचं हृदय, यकृत आणि स्वादुपिंड कोणत्या अवस्थेत असेल, हे आपण ११ व्या वर्षी बघायचं. रिपोर्टमधला आकडा म्हणजे त्या लांब वाटेवरची एक नोंद. रेघ कुठल्या दिशेनं चाललीय ते जास्त महत्त्वाचं.

अशा मुलांमध्ये चरबी आणि साखरेची घडी का विस्कटते, याला एकच कारण नसतं. पहिलं कारण विषाणू स्वतः. उपचार सुरू होण्याआधी तो आतड्याच्या अस्तरातली प्रतिकारशक्ती पोखरतो, तिथून जंतूंचे अंश रक्तात झिरपत राहतात आणि शरीरात कायम एक बारीक दाह धुमसतो. अशा दाहात ट्रायग्लिसराइड वाढतात, एचडीएल म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल घसरतं. औषधानं हे पुष्कळ सुधारतं, पण पूर्ण विझतंच असं नाही. या मुलीचे उपचार तिसऱ्या वर्षी सुरू झाले, म्हणजे तीन वर्षं हा दाह तिच्या अंगात होता.

दुसरं कारण जुनी औषधं. लोपिनाविर-रिटोनाविरनं असंख्य मुलांचे जीव वाचवले, त्याचं ऋण मी कधी नाकारणार नाही. पण त्या गटातली औषधं यकृतातून चरबीचे कण जास्त बाहेर सोडायला लावतात आणि स्नायूंमध्ये साखर शिरणं अवघड करतात. त्याआधी स्टॅव्ह्युडीन असायचं. त्यानं गालांवरची, हातापायांची, कुल्ल्यांवरची चरबी झडायची. जागतिक आरोग्य संघटनेनं २००९ साली ते हटवायची शिफारस केली आणि नंतर आपल्याकडेही ते बंद झालं. पण तेव्हाची जी मुलं आज विशीत आहेत, त्यांचे बसलेले गाल आणि पोटऱ्यांवर उठून दिसणाऱ्या शिरा अजून आहेत. फुटबॉल उत्तम खेळणारा एक मुलगा हाफपँट घालावी लागते म्हणून मैदानावर जायचा थांबला होता. तुमच्या मुलीच्या वाट्याला स्टॅव्ह्युडीन आलेलं नाही, ही चांगली गोष्ट.

तिसरं, आत्ताची गोळी. डोल्युटेग्राविरनं वजन वाढतं असं सगळीकडे ऐकू येतं आणि मोठ्यांच्या बाबतीत, विशेषतः बायकांमध्ये, त्यात तथ्य आहे. मुलांचं चित्र मात्र वेगळं आहे. ऑडिसी ही मुलांवरची मोठी चाचणी २०२१ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात ९६ आठवड्यांनंतर डोल्युटेग्राविरवरच्या मुलांचं वजन इतर औषधांवरच्या मुलांपेक्षा सरासरी १ किलोच्या आसपास जास्त भरलं, उंचीही थोडी जास्त वाढली आणि कोलेस्टेरॉल उलट कमी राहिलं. म्हणजे या गोळीनं मुलं बहुधा नीट वाढायला लागतात. तुमच्या मुलीचे ७ किलो या हिशेबात बसवून पाहा. वयात येताना मुलींचं वजन वर्षाला चार-पाच किलो सहज वाढतं. कडू औषधानं मारलेली भूक परत आली, त्याचा एक वाटा. गोळीचा थेट वाटा असला तर थोडाच. जो उरतो तो ताटातला आणि बसून राहण्याचा, आणि आपल्या हातात तेवढाच आहे.

वयात येण्याचा मुद्दा आणखी एका कारणासाठी लक्षात ठेवा. १० ते १४ च्या दरम्यान प्रत्येकच मुलाच्या शरीरात इन्सुलिनचा असर तात्पुरता मंदावतो. ज्यांच्या मागे एचआयव्ही आणि जुन्या औषधांचा इतिहास आहे, त्यांच्यात तो जास्त ठळक दिसतो. जन्मतः वजन कमी होतं का, आजी-आजोबांपैकी कुणाला मधुमेह आहे का, यावरही बरंच अवलंबून असतं. ताईंनी ते लिहिलेलं नाही. गोव्यात मधुमेह नसलेलं घर शोधावं लागतं, तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्यांकडे चौकशी करून डॉक्टरांना जरूर सांगा.

आता रिपोर्ट. लॅबच्या कागदावर उजव्या बाजूला जी मर्यादा छापलेली असते ती बहुतेक वेळा मोठ्या माणसांची असते. ट्रायग्लिसराइड १५० च्या खाली नॉर्मल, हे मोठ्यांसाठी. १० ते १९ वयात ९० च्या खाली चांगलं, ९० ते १२९ काठावर, १३० आणि पुढे जास्त. त्याहून लहान मुलांत तर १०० च्या पुढेच जास्त म्हणतात. एकूण कोलेस्टेरॉल १७० च्या आत हवं, २०० पासून जास्त. १८६ म्हणजे मध्ये. एचडीएल ४५ च्या वर हवं, ४० च्या खाली कमी. तिचं ३६ आहे. आणखी एक बेरीज-वजाबाकी मी नेहमी करते: एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करायचं. इथे १५० येतात. मुलांत हा आकडा १४५ पासून जास्त धरतात. त्याचा फायदा असा की तो जेवणानं फारसा बदलत नाही. म्हणून लॅबनं ‘नॉर्मल’ म्हटलं तरी मी हा रिपोर्ट बाजूला ठेवणार नाही. पण यावर औषधही लिहिणार नाही.

कारण ताईंनी प्रश्नातच जाता जाता लिहिलंय, ‘रिकाम्या पोटी गोळी नको म्हणून चहा आणि दोन मारी देऊनच नेली.’ ट्रायग्लिसराइड खाल्ल्यानंतर चढतात, गोड चहा-बिस्किटानंसुद्धा. तेव्हा ही तपासणी पुन्हा करायची, रात्रीच्या जेवणानंतर १० ते १२ तास फक्त पाणी पिऊन. नुकताच ताप येऊन गेला असेल तर काही आठवडे थांबा, आजारपणात हे आकडे भरवशाचे नसतात. डोल्युटेग्राविर जेवणाबरोबर किंवा जेवणाशिवाय कसंही चालतं, त्यामुळे त्या दिवशी रक्त दिल्यावर लगेच गोळी आणि नाश्ता, एवढंच. गोळीची वेळ तासाभरानं पुढे गेली तर बिघडत नाही, चुकवायची मात्र नाही. काठावरच्या आकड्यांवर निर्णय एका तपासणीवर घेत नाहीत. निदान दोन आठवड्यांच्या अंतरानं दोनदा बघतात आणि सरासरी धरतात.

साखरेसाठी एचबीए१सी, म्हणजे मागच्या काही महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी तपासणी, करावी का असं पुष्कळ पालक विचारतात, कारण उपाशी राहावं लागत नाही. एआरटीवरच्या रुग्णांत ही तपासणी फसवू शकते. काही औषधांनी, त्यात अबॅकाविरही येतं, आकडा खऱ्यापेक्षा कमी दिसतो. उपाशीपोटीची साखरच करा. १०० च्या खाली ठीक, १०० ते १२५ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर, १२६ पासून मधुमेहाचा संशय आणि पुन्हा खात्री. बरोबर यकृताची एएलटी तपासून घ्या, कारण सुटलेलं पोट आणि वाढलेले ट्रायग्लिसराइड यांच्या जोडीला यकृतात चरबी साठलेली असण्याची शक्यता असते. रक्तदाबही मोजायला सांगा, मुलांच्या मापाचा पट्टा वापरून. मोठ्यांचा रुंद पट्टा बारीक दंडावर गुंडाळला तर रक्तदाब खोटाच कमी दाखवतो.

मानेबद्दल. काळवंडलेली मान मळानं नसते. मागच्या बाजूला, काखेत, कधी बोटांच्या सांध्यांवर त्वचा जाडसर, मखमलीसारखी आणि गडद होते, तेव्हा रक्तात इन्सुलिन जास्त फिरत असतं. घरोघरी ही मान नारळाच्या काथ्यानं, दगडानं, लिंबानं घासली जाते, मुलींना त्यावरून बोलणी बसतात, आणि आतली तक्रार तशीच राहते. तिला घासू नका आणि तिच्यावर रागावू नका. डॉक्टरांना मात्र नक्की दाखवा. माझ्या लेखी ती खूण चहा-बिस्किटांनंतरच्या १४८ पेक्षा बोलकी आहे. वजन आटोक्यात आलं की ती हळूहळू फिकी पडते.

घरी करायचं मोजमाप सोपं आहे. शिवणकामाची टेप घ्या, कपडा वर करा, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, तिनं श्वास सोडल्यावर पोटाचा घेर मोजा. घेर उंचीच्या निम्म्याहून कमी हवा. १४० सेंटीमीटर उंचीला ७० च्या आत. मग तिच्या दंडाकडे आणि पायांकडे नीट बघा. दंडाच्या मागची कातडी चिमटीत धरल्यावर मऊ जाडी हाताला लागते का? लागत असेल तर हे सगळीकडे वाढलेलं साधं वजन आहे. दंड-पाय काटकुळे, शिरा दिसताहेत, गाल बसलेत आणि पोट तेवढं मोठं, असं असेल तर ती चरबीची चुकीची वाटणी. ते सेंटरवर स्पष्ट सांगा, कारण तिथे उपाय वेगळा असतो. तिचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, वर्षात १६ वरून १८ च्या थोडा पुढे गेलाय. आत्ताचा आकडा घाबरण्यासारखा नाही, पण असंच आणखी दोन वर्षं चाललं तर तो होईल. भारतीय बालरोग अकादमीचे मुलामुलींचे वाढीचे तक्ते आहेत. दर भेटीत त्यावर ठिपका मारायला सांगा. एआरटीच्या पुस्तकात वजन लिहिलेलंच असतं, उंची मात्र कित्येकदा राहून जाते. आग्रह धरा.

एक गोष्ट ताईंनी विचारलेली नाही, पण मी प्रत्येकाला विचारते: मुलीला दम्याचा इनहेलर किंवा सर्दीचा नाकात मारायचा स्प्रे आहे का? गोव्याच्या पावसात भिंतींना बुरशी धरते, मुलं शिंकतात, धापतात, आणि फ्ल्युटिकासोन किंवा ब्युडेसोनाइड सर्रास दिलं जातं. एरवी ती चांगली औषधं आहेत. पण रिटोनाविर यकृतात त्यांचं विघटन अडवतं, त्यामुळे श्वासातून घेतलेलं थोडंसं स्टेरॉइड रक्तात साठत जातं. मूल जणू स्टेरॉइडच्या गोळ्या खातंय असे परिणाम दिसू लागतात: चेहरा चंद्रासारखा गोल, पोट मोठं, मांड्यांवर जांभळट रेघा, साखर आणि रक्तदाब वर, आणि उंची खुंटलेली. तुमची मुलगी आता रिटोनाविरवर नाही आणि वर्षात ६ सेंटीमीटर उंच झालीय, त्यामुळे मला तिच्यात हे वाटत नाही. तरी आधी कधी असं झालं होतं का ते तपासायला हवं. हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाचं मूल अजून लोपिनाविर-रिटोनाविरवर असेल आणि इनहेलर चालू असेल, तर लगेच डॉक्टरांना विचारा. बेक्लोमेथासोन हा सुरक्षित पर्याय असतो. स्वतःहून इनहेलर तोडू नका. शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड बनणं मंदावलेलं असतं, एकदम बंद केलं तर मूल कोसळू शकतं.

आता ताट. नारळ बंद करू नका. आपल्याकडे नारळ बंद म्हणजे जेवणच बंद. ट्रायग्लिसराइड वाढवण्यात नारळापेक्षा साखर आणि मैदा यांचा हात मोठा आहे. नारळातली चरबी एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल वाढवते, म्हणून हुमणात (माशाच्या कालवणात) वाटण थोडं पातळ करा, खोबरेल मोजून वापरा, एवढं पुरे. खरं लक्ष दिवसभराच्या चहाकडे द्या. सकाळी पाव-चहा, शाळेतून आल्यावर चहा-बिस्किटं, संध्याकाळी पोदेर (पाववाला) आला की परत गरम पाव, शिवाय थंड पेयाची बाटली आणि फरसाणाचं पाकीट. यातली साखर आणि मैदा काढला की तीन महिन्यांत आकडे हलतात, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय. पोदेराकडून घ्यायचंच तर कोंड्याची पोई घ्या आणि तिच्याबरोबर अळसांद्यांची (चवळीची) किंवा मुगाची भाजी द्या. उकड्या तांदळाची पेज चांगली, पण वाटी ठरवून. तांबडी भाजी, शेवग्याचा पाला, भेंडी, जे अंगणात आणि बाजारात मिळतं ते रोज हवं.

मासे तर औषधासारखेच. बांगडा आणि तारले (पेडवे) यांत जे तेल असतं ते ट्रायग्लिसराइड उतरवायला मदत करतं, आणि ते मासे महागड्या इसवणापेक्षा (सुरमईपेक्षा) स्वस्त. हुमणात किंवा तव्यावर थोड्या तेलात करा. रवा लावून भरपूर तेलात तळलं की निम्मा फायदा जातो. जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा सुके बांगडे आणि सुकी सुंगटं (कोळंबी) निघतात. त्यांतलं मीठ रक्तदाबाला बरं नाही, तेव्हा त्या दोन महिन्यांत अंडी आणि कडधान्यांवर भर द्या. चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, नेवऱ्या (करंज्या) खाऊ द्यात. सणाचे चार दिवस मुलाला आजारी पाडत नाहीत, रोजचा डबा पाडतो.

जेवणाबाबत एक नाजूक गोष्ट लिहिते, ताई, राग मानू नका. आईवडील नसलेल्या मुलांना घरातलं प्रत्येक माणूस मायेपोटी काहीतरी भरवतं. आजी लाडू देते, मामा चॉकलेट आणतो, शेजारीण वाटी पाठवते. शिवाय ही मुलं लहानपणी हाडकुळी असतात, त्यामुळे अंग धरलं की घरच्यांना हायसं वाटतं, ‘आता रोग हटला’ असं वाटतं. ती माया खरी आहे, तिला दुसरी वाट द्या. पण मुलीला उपाशी ठेवू नका, तिच्या देखत तिच्या पोटावर बोलू नका आणि एकटीसाठी पथ्याचं ताट वाढू नका. वाढत्या वयात वजन उतरवायचंही नसतं. वजन आहे तिथे स्थिर ठेवून उंची वाढू द्यायची, म्हणजे बीएमआय आपोआप खाली येतो. बदल सगळ्या घराच्या जेवणात करा.

खेळाबद्दल माझं मत ठाम आहे. कित्येक पालक माझ्याकडे शाळेसाठी चिठ्ठी मागतात, मुलाला पीटीतून सूट द्या, तब्येत नाजूक आहे. विषाणू दाबलेला असेल आणि मूल एरवी ठीक असेल तर मी ती चिठ्ठी देत नाही. या मुलांना खेळ इतरांपेक्षा जास्त लागतो. रोज तासभर घाम येईल असं काहीतरी: सायकल, दोरीच्या उड्या, फुटबॉल, नाच. पावसात बाहेर पडता येत नसेल तर घरात फुगड्या घाला, भाद्रपदाची वाट कशाला बघायची! मोबाइलचा वेळ त्यातून आपोआप कमी होतो आणि रात्रीची झोप सुधारते. झोप कमी पडली तरी इन्सुलिनचं गणित बिघडतं.

टॉनिकबद्दलही सांगायला हवं. वजन कमी करणारी चूर्णं, काढे, पावडरी देऊ नका. त्यांत काय आहे ते आपल्याला कळत नाही आणि काही वनस्पतींमुळे एआरटीचं रक्तातलं प्रमाण घटतं. लोह किंवा कॅल्शियमची गोळी चालू असेल तर ती आणि डोल्युटेग्राविर रिकाम्या पोटी एकत्र घेऊ नका, औषध आतड्यातच अडकतं. एकतर दोन्ही जेवणाबरोबर घ्या, नाहीतर डोल्युटेग्राविर २ तास आधी किंवा ६ तास नंतर.

ताईंनी रक्त खासगी लॅबमध्ये तपासलं आणि सेंटरवर काहीच सांगितलं नाही. का, ते मला कळतं. गावात सगळे सगळ्यांना ओळखतात. ज्या गोव्यात १९८९ साली डॉमिनिक डिसूझा यांना केवळ एचआयव्ही आहे म्हणून म्हापशात ६४ दिवस कोंडून ठेवलं, तिथली भीती दोन पिढ्यांत जात नाही. पण आता तुमच्या बाजूनं कायदा आहे. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला आणि त्यानुसार मुलीची माहिती गुप्त ठेवणं इस्पितळावर बंधनकारक आहे, शाळेला त्यावरून प्रवेश नाकारता येत नाही, आणि तुम्ही शाळेत किंवा शिकवणीत हे सांगायलाच हवं असंही नाही. जो डॉक्टर औषध लिहितो त्याला मात्र सगळं माहीत असायलाच हवं. उद्या कुणी या चरबीसाठी सिम्वास्टॅटिन हे कोलेस्टेरॉल उतरवणारं औषध लिहिलं आणि मूल रिटोनाविरवर असेल तर स्नायू आणि मूत्रपिंडांना गंभीर इजा होऊ शकते. डोल्युटेग्राविर मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या औषधाचं रक्तातलं प्रमाण वाढवतं, त्याचा डोस मर्यादित ठेवावा लागतो. बांबोळीचं गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेज) असो की तुमच्या जवळचं दुसरं सेंटर, दोन्ही रिपोर्ट घेऊन तिथेच जा आणि शेवटचा व्हायरल लोड (रक्तातल्या विषाणूचं प्रमाण) कधी झाला, किती आला, ते आधी विचारा. मुलीच्या भविष्यातल्या हृदयासाठी तो आकडा लिपिड प्रोफाइलइतकाच मोलाचा आहे.

मग औषध कधी लागतं? उपाशीपोटीचे आकडे पुन्हा जास्त आले तरी आधी तीन ते सहा महिने जेवण आणि खेळ. १० वर्षांच्या पुढे, एवढं करूनही एलडीएल १९० किंवा जास्त राहिलं, किंवा १६० च्या वर असून जोडीला इतर धोके असले, तर स्टॅटिन म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या औषधांचा विचार होतो. २०११ च्या अमेरिकन बाल-हृदय मार्गदर्शक सूचनांत एचआयव्ही हा स्वतःच एक धोका म्हणून मोजलाय, त्यामुळे तुमच्या मुलीच्या बाबतीत डॉक्टर थोडे जास्त सावध राहतील. तिचं एलडीएल हिशेबानं १२० च्या आसपास येतं, म्हणजे ती त्या टप्प्यापासून दूर आहे. एआरटी बदलायचीही मला गरज दिसत नाही. चरबीच्या दृष्टीनं जो बदल करायला हवा होता, तो दीड वर्षापूर्वी झालेलाच आहे. मूल अजून जुन्या औषधावर असतं तर मी आधी तेच बदलण्याबद्दल सेंटरशी बोलले असते.

घाई करायची वेळही सांगून ठेवते. मुलीला एकदम खूप तहान लागायला लागली, रात्री लघवीला उठू लागली, खाऊनही वजन उतरू लागलं, तर उपाशीपोटीच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी साखर तपासा. ट्रायग्लिसराइड ५०० च्या पुढे आले, किंवा पोटाच्या वरच्या भागात जोराची कळ येऊन पाठीकडे जाऊ लागली आणि उलट्या सुरू झाल्या, तर थेट इस्पितळात न्या, स्वादुपिंडाला सूज असू शकते. यातलं काही नसेल, आणि तुमच्या लिहिण्यावरून नाहीच, तर या महिन्यात उपाशीपोटी तपासणी, पोटाचा घेर आणि रक्तदाब. तीन महिन्यांनी तेच पुन्हा. दोन्ही वेळचे आकडे, आणि आजी-आजोबांच्या मधुमेहाचं काय ते, मला कळवा.